‘सब बने हे’च्या पलीकडे

सिलतऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यात आमची रोलिंग मिल आणि रायपूर शहरात ऑफिस. दोन्हीकडच्या माणसांचं एचआर माझ्याकडे आहे. माणसं म्हणजे धरसींव्याच्या आसपासच्या खेड्यांतून मोटारसायकलवर येणारे छत्तीसगढी कामगार, बिहार-उत्तर प्रदेशातले फिटर आणि क्रेन ऑपरेटर, थोडे ओडिया, अकाउंट्समध्ये मारवाडी आणि सिंधी. शिवाय तात्यापाऱ्यातले एक मराठी काका. आपले पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपूरहून इकडे आले असं ते सांगतात आणि ऑडिटच्या दिवसांत जरा जास्तच सांगतात.

यांपैकी कुणालाही उभ्या उभ्या विचारा, ‘‘काय, कसं चाललंय काम?’’ उत्तर ठरलेलं: ‘‘सब बने हे, मॅडम.’’ सगळं छान आहे. छान नसतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. म्हणून मग ऑनलाइन फॉर्म आले. फॉर्म दहा मिनिटांत तयार होतो, फुकट असतो आणि उत्तरांचे रंगीत गोल आपोआप काढून देतो. इतकं सोपं असल्यामुळेच बहुतेक ठिकाणी ‘सब बने हे’ हेच उत्तर आता टक्केवारीत मिळतं, एवढाच फरक पडलेला दिसतो. या कामात पडणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहून ठेवते आहे.

१. जे बदलणार नाही ते विचारू नका

पगारवाढीचा टक्का मालकांच्या घरात ठरतो आणि कुणाच्या सांगण्यावरून तो हलत नाही, अशी परिस्थिती असेल तर ‘पगाराबाबत समाधानी आहात का?’ हा प्रश्न कशाला? फॉर्म करण्याआधी प्रश्नांचा कागद मी मालकांसमोर ठेवते आणि विचारते, यातल्या कशावर या तिमाहीत पैसे खर्च कराल? जिथे ‘बघू’ म्हणतात तो प्रश्न गळतो. फॉर्म लहान होतो हा आणखी एक फायदा.

२. ‘निनावी’ असं लिहिण्याआधी सेटिंग उघडून बघा

गूगल फॉर्म्समध्ये ईमेलबाबत तीन पर्याय असतात. पत्ता गोळाच करायचा नाही, लॉग-इनवरून घ्यायचा, किंवा भरणाऱ्याला लिहायला लावायचा. निनावी हवं तर पहिला, हे सगळ्यांना कळतं. घोटाळा होतो तो ‘एका माणसाचं एकच उत्तर’ या पर्यायापाशी. कुणी दहादा भरेल या भीतीने तो चालू केला की भरणाऱ्याला आपल्या खात्यात लॉग-इन करावं लागतं. त्याचा पत्ता आपल्याकडे येत नाही हे खरं आहे. पण फॉर्मच्या माथ्यावर त्याला स्वतःचा ईमेल दिसतो, आणि हा पत्ता कळवला जाणार नाही ही सूचना त्याच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. ती कोण वाचतं! आपलं नाव दिसलं की माणूस ‘अतिशय समाधानी’वर टिचक्या मारत खाली उतरतो. मी तो पर्याय बंद ठेवते. रागाच्या भरात एकाने चार वेळा भरलं तर ती चार उत्तरं ओळखू येतात. घाबरून दिलेलं एक गोड उत्तर मात्र कुणालाच ओळखता येत नाही.

मायक्रोसॉफ्ट फॉर्म्समध्ये फॉर्म कंपनीपुरता ठेवला असेल तर ‘नाव नोंदवा’ हा पर्याय बंद आहे ना, ते पाहावं लागतं. सर्व्हेमंकीत निनावी उत्तरांचा पर्याय आपण होऊन चालू करावा लागतो, नाहीतर प्रत्येक उत्तरासोबत आयपी पत्ता नोंदला जातो.

याहून बारीक गोष्ट वेळेची. गूगल फॉर्मची उत्तरं शीटमध्ये उतरतात तेव्हा पहिल्याच रकान्यात तारीख आणि वेळ असते, सेकंदासकट. पहाटे पावणेतीनला आलेलं उत्तर रात्रपाळीतल्या माणसाचं, आणि त्या पाळीत जेमतेम किती जणांना फोन हाती घ्यायची उसंत असते हे फोरमनला पाठ असतं. रकाना नुसता लपवून भागत नाही, कारण लपवलेला रकाना दोन क्लिकमध्ये परत येतो. पुसूनही भागत नाही. शीट संपादनाच्या हक्कासह दुसऱ्याला दिली तर जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात तो तसाच सापडतो. म्हणून मी उत्तरं एका कोऱ्या फाइलमध्ये उतरवून घेते, वेळ वगळते, ओळींचा क्रम विस्कटते आणि मग ती फाइल पुढे जाते. मूळ फाइल माझ्यापाशीच राहते.

फॉर्मच्या सुरुवातीला ‘आपली माहिती गोपनीय राहील’ हे सरकारी वाक्य घालू नये. ते वाचून कुणाचाही धीर वाढलेला मी पाहिलेला नाही. त्याऐवजी हिंदीत साधं लिहिते: तुमचं नाव, नंबर, ईमेल आमच्याकडे येत नाही. भरल्याची वेळ येते, ती मी काढते. मूळ उत्तरं मी एकटी वाचते. काय येत नाही यासोबत काय येतं हेही सांगितलं की लोकांना खरं वाटतं.

३. पाचांहून लहान गट पाडू नका

विभाग कोणता, वय किती, स्त्री की पुरुष, नोकरीला किती वर्षं झाली? हे चार निरुपद्रवी प्रश्न एकत्र आले की इलेक्ट्रिकलमधली, तिशीच्या आतली, तीन वर्षं झालेली स्त्री एकच उरते. तिने नाव लिहिलं काय आणि नाही लिहिलं काय. मोठ्या कंपन्या जी महागडी साधनं घेतात त्यांत पाचांहून कमी उत्तरं असलेला गट दाखवायचाच नाही असा अडसर साधारणपणे घातलेला असतो. फुकटच्या फॉर्ममध्ये तो नसतो, तो आपणच पाळायचा. मी विभागांऐवजी ‘मिल’ आणि ‘ऑफिस’ एवढे दोनच गट ठेवते. वयाचा प्रश्न तर कधी कशाला उपयोगी पडला हेही आठवत नाही.

खुल्या रकान्यातल्या मजकुराची कथा वेगळी. तिथे माणूस आपल्या भाषेतून उघडा पडतो. रायपुरात सगळे हिंदी लिहितात, पण प्रत्येकाची हिंदी निराळी. धरसींव्याच्या माणसाच्या हिंदीत ‘हमन’ डोकावतो, बिहारमधल्या सिवानचा माणूस एकट्याबद्दल बोलतानाही ‘हम’ लिहितो, आणि आमच्या काकांच्या हिंदीतली लिंगं मराठीच्या वळणावर जातात. त्यांची टिप्पणी मालकांच्या टेबलावर जशीच्या तशी ठेवली तर वाचताना त्यांचा आवाजच ऐकू येईल. म्हणून टिप्पण्या कधी चिकटवायच्या नाहीत. आशय आपल्या शब्दांत लिहायचा, आणि एकट्यानेच सांगितलेली गोष्ट असेल तर तिला साजेशी दुसरी सापडेपर्यंत थांबायचं. जीव धोक्यात असेल तर अर्थातच थांबायचं नाही.

४. ज्याला खुर्ची आहे त्याचंच मत येतं

कंपनीच्या ईमेलवर फॉर्म पाठवला की तो कंपनीचा ईमेल असलेल्यांपर्यंत जातो. मिलमध्ये तसा ईमेल सुपरवायझरपासून वरच्यांना. भट्टीपुढे उभा राहणारा, लाल सळई चिमट्याने पकडणारा, लोखंडावरची गरम पापडी झाडणारा माणूस बहुतेकदा ठेकेदाराचा असतो. तो आमच्या यादीत नाही, त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत. आणि बैठकीत आकडा सांगितला जातो, ‘‘ब्याऐंशी टक्के कर्मचाऱ्यांनी भाग घेतला.’’ कुणाच्या ब्याऐंशी टक्के? मला वाटतं, या साऱ्या उद्योगातला सगळ्यात मोठा खोटेपणा हाच, आणि त्यात कुणी खोटं बोललेलंही नसतं.

यावर क्यूआर कोड हा चांगला उपाय आहे, पण तो कुठे लावता यावर सगळं अवलंबून. सिलतऱ्यातल्याच एका कारखान्यात तो हजेरीच्या मशीनशेजारी लावला होता, का तर तिथे सगळे येतात. तिथे कॅमेराही होता. एकाही माणसाने फोन वर केला नाही. आमच्याकडे तो कॅन्टीनच्या हात धुण्याच्या जागेजवळ लावतो. तिथे कॅमेरा नाही, सुपरवायझर उभा राहत नाही आणि फोन हातात असला तरी कुणाला वावगं वाटत नाही.

तरीही टंकायला न येणारे उरतातच. आवाजात बोलून सांगणं त्यांना सोपं जातं. व्हॉट्सॲपवर ते दिवसभर तेच करतात. पण व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपासोबत नंबर येतो, आणि नंबर नसता आला तरी आवाज आहेच. मी खुल्या प्रश्नांऐवजी चित्रांचे प्रश्न करते. गूगल फॉर्ममध्ये पर्यायाला चित्र जोडता येतं. पाण्याचा कूलर, बस, शौचालय, हातमोजे, पंखा. ‘यातलं आधी काय दुरुस्त करू?’ असं एका ओळीत विचारायचं आणि चित्रावर बोट ठेवायला सांगायचं. मिलच्या गटात सर्वांत जास्त बोटं कशावर पडली हे पाहून ऑफिसातल्यांना आश्चर्य वाटलं होतं. हातमोज्यांवर. ऑफिसच्या फॉर्ममध्ये हातमोजे हा शब्दच नव्हता.

५. मत विचारू नका, घडलेलं विचारा

‘सुरक्षेबाबत आपण किती समाधानी आहात?’ आणि खाली एक ते पाच. ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी रेन्सिस लायकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली आणि तेव्हापासून जगभरचे फॉर्म तिच्यावरच चालले आहेत. ऑफिसात ती चालते. मिलमध्ये सगळे चारवर बोट ठेवतात. पाच दिले तर चमचेगिरी, तीन दिले तर तक्रार.

त्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात धोका दिसला, पण कुणाला सांगितला नाही, असं झालं का?’ असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही येतं आणि त्यातून काहीतरी हाती लागतं. एका वेळी एकच गोष्ट विचारायची. ‘बस वेळेवर आणि स्वच्छ असते का?’ याला ‘नाही’ म्हणणारा नेमकं कशाला नाही म्हणतोय?

इथे वरिष्ठांची तयारी आधी करून घ्यावी लागते, कारण असे प्रश्न विचारले की आकडे वाईट येतात. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. नोंदी उलट्या निघाल्या, चांगल्या चमूंत चुका जास्त. कारण त्या लपवल्या जात नव्हत्या. हे मी मालकांना फॉर्म जाण्याआधी सांगते. निकाल लागल्यावर सांगितलं की ती सारवासारव वाटते.

६. नाणं उडवा

ही माझी सगळ्यात लाडकी युक्ती. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये एक कल्पना मांडली. ज्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं माणसाला महागात पडेल, तिथे उत्तरात मुद्दाम दैव मिसळायचं. तिचं एक सोपं रूप असं. प्रत्येकाने रुपयाचं नाणं एकांतात उडवायचं. छापा आला तर डोळे मिटून ‘हो’ भरायचं, खरं काहीही असो. काटा आला तर खरं उत्तर द्यायचं. नाणं काय पडलं हे कुणालाही सांगायचं नाही.

आमच्या धंद्यात तापलेली सळई वाट सोडून बाहेर उसळते आणि तिचा गुंता होतो, त्याला कॉबल म्हणतात. तो काढताना मिल पूर्ण थांबवायची असा नियम आहे. थांबवली की उत्पादन बुडतं, म्हणून काही वेळा थांबवली जात नाही. ‘गेल्या सहा महिन्यांत मिल न थांबवता कॉबल काढला का?’ असं सरळ विचारलं तर शंभर टक्के ‘नाही’ येणार. कबुली दिली की आधी नोटीस कामगाराला, घाई करायला लावणाऱ्याला नंतर कधीतरी.

नाणं मध्ये आणलं की चित्र पालटतं. समजा शंभर जणांनी भरलं. साधारण पन्नास जणांना छापा, म्हणजे पन्नास ‘हो’ नाण्याचे. एकूण ‘हो’ अडुसष्ट आले, तर वरचे अठरा खरे, आणि ते काटा पडलेल्या पन्नासांतले. म्हणजे छत्तीस टक्के. कोणी काय केलं हे कुणालाही कळत नाही. उद्या कुणी शीट फोडली, वेळेवरून माणूस शोधला, तरी त्याचा ‘हो’ त्याच्याविरुद्ध काहीच सिद्ध करत नाही. छापा पडला होता, असं म्हणायला तो मोकळा.

गंमत म्हणजे समजावताना हसू फार येतं. एक जण म्हणाला, छापा पडला म्हणजे खोटं बोलायचं, आणि तेही कंपनीच्या परवानगीने? दुसऱ्याने नाणं पुन्हा उडवू का म्हणून विचारलं. नको, एकदाच. या हसण्याचाही उपयोग होतो, कारण फॉर्मची भीती त्यातच अर्धी जाते. आलेला आकडा मी इथे देत नाही. तो पाहून मिलच्या मॅनेजरांनी बैठकीत दुसरा पाण्याचा ग्लास मागवला, एवढं सांगते.

मर्यादाही सांगायला हवी. माणसं वीस-पंचवीस असतील तर हे करू नये, आणि शंभरांतही उत्तर पंधरा-वीस टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. छत्तीस टक्के म्हणून नोटीसबोर्डावर लावायचा हा आकडा नव्हे. पण ‘शून्य’ या अधिकृत आकड्यापेक्षा खऱ्याच्या कितीतरी जवळ.

७. व्हॉट्सॲपचं मतदान सहलीपुरतं

व्हॉट्सॲपवर २०२२ च्या अखेरीस मतदानाची सोय आली आणि दर गटप्रमुखाला आपण निवडणूक आयोग झाल्यासारखं वाटू लागलं. त्यात कोणी कुठे मत दिलं हे नावानिशी दिसतं. सिरपूरला जायचं की गंगरेल धरणावर, हे ठरवायला उत्तम. तिथेही साहेबांनी पहिलं मत गंगरेलला दिलं की पुढची वीस मतं गंगरेललाच पडतात. सुपरवायझरची वागणूक कशी आहे, हे तिथे विचारणाऱ्याला काय म्हणावं?

८. तीजाच्या आठवड्यात फॉर्म काढू नका

छत्तीसगढी बायका तीजाच्या सणाला माहेरी जातात. जातात म्हणजे जातातच. रजा मंजूर झाली की नाही हा नंतरचा प्रश्न. त्या आठवड्यातल्या फॉर्ममध्ये बायकांचं मत येत नाही. छठच्या वेळी बिहारी नसतात. एप्रिलमध्ये पगारवाढीची पत्रं निघतात आणि दिवाळीआधी बोनस, तेव्हा सगळे गोड असतात किंवा सगळे कडू. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो आणि भट्टीपाशी उभ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. पण उन्हाळ्याच्या सोयींबद्दल विचारायचं असेल तर मात्र मे महिन्यातच विचारावं. जानेवारीत कूलरची आठवण कुणाला येते!

९. लोकांच्या आठवणी तुमच्या फॉर्महून जुन्या असतात

भिलाई इथून तासाभराच्या वाटेवर. तिथल्या खासगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांसाठी कामगार नेते शंकर गुहा नियोगींनी १९९० च्या सुमारास लढा उभारला, आणि २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, झोपेत असताना, त्यांना गोळी घालून मारण्यात आलं. पुढच्या वर्षी १ जुलैला भिलाईत रेल्वे रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, माणसं मेली. आज आमच्या मिलमध्ये पन्नाशी ओलांडलेले जे कामगार आहेत त्यांच्या ऐन तारुण्यातली ही गोष्ट. काहींच्या घरात ती वडिलांकडून आलेली. अशा माणसाला मी सांगणार, ‘‘काका, मोकळेपणाने लिहा, काही होत नाही.’’ काही होत नाही हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

तरुणांच्या आठवणी वेगळ्या, फोनवरच्या. डिसेंबर २०२४ मध्ये नोएडाच्या येसमॅडम या कंपनीचा एक ईमेल देशभर फिरला. त्यात लिहिलं होतं की ताणाबद्दलच्या सर्वेक्षणात ज्यांनी फार ताण असल्याचं सांगितलं त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. कंपनीने पुढे खुलासा केला की कुणालाही काढलेलं नाही, लोकांचं लक्ष ताणाच्या प्रश्नाकडे वेधायचं होतं, आणि माफीही मागितली. आमच्या ऑफिसातल्या पोरांच्या फोनवर ईमेलचं चित्र पोचलं होतं, खुलासा पोचला नव्हता. त्यानंतरच्या फॉर्ममध्ये ताणाच्या प्रश्नावर सगळे कसे प्रसन्न! तो प्रश्न मी काढून टाकला आणि त्याऐवजी विचारलं, गेल्या महिन्यात किती रविवारी कामावर बोलावलं? ताण त्यात आलाच.

या बाबतीत साधनांची जाहिरात करणारे जे काही सांगतात त्यावर माझा विश्वास नाही. माणूस या वेळी किती खरं लिहील, हे मागच्या वेळी खरं लिहिणाऱ्याचं काय झालं यावर ठरतं. आमच्याकडे काय झालं नसेल तर शेजारच्या कारखान्यात काय झालं यावर.

याचा उलटा पुरावा हवा असेल तर एखाद्या मराठी मंडळात फॉर्म फिरवून बघा. तिथे कुणाची रोजी अडकलेली नसते. गणेशोत्सवानंतर अशाच एका मंडळासाठी मी साधा फॉर्म करून दिला होता. नावाचा रकाना ऐच्छिक होता, तरी जवळजवळ सगळ्यांनी नाव लिहिलं, आडनावासकट, आणि साबुदाण्याच्या खिचडीवर परिच्छेदच्या परिच्छेद.

१०. काही तक्रारींची जागा फॉर्म नाही

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य संस्थेबाहेरून. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. निनावी फॉर्ममधल्या एका ओळीवर ही सारी प्रक्रिया चालत नाही, आणि ती ओळ लिहिणारीला मात्र वाटतं की आपण तक्रार केली. तिचे तीन महिने इकडे वाट पाहण्यात जातात.

म्हणून फॉर्मच्या शेवटी समितीतल्या स्त्रियांची नावं आणि नंबर असतात, आणि सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलचाही उल्लेख. तरी तशी ओळ आलीच, तर ती सारांशात घालायची नाही, बैठकीत वाचायची नाही, ‘कोण असेल बरं’ हा खेळ तर अजिबात नाही. त्या आठवड्यात दोन्ही पाळ्यांतल्या सगळ्या बायकांना समितीतल्या बाई भेटतात, कुणा एकीला वेगळं न काढता. बोलायचं असेल ती बोलते.

११. उत्तराला उत्तर द्या, आणि ‘नाही’सुद्धा लिहून द्या

फॉर्म बंद झाला की पंधरा दिवसांच्या आत कॅन्टीनमध्ये एक कागद लागतो. तुम्ही काय सांगितलं, आम्ही काय करतो आहोत, काय करणार नाही आणि का. तिसरा भाग मालकांना आवडत नाही. पण लोक तोच आधी वाचतात. ‘रायपूरहून सकाळची बस अर्धा तास उशिरा सोडता येणार नाही, कारण पाळी सहाला बदलते’ असं स्पष्ट लिहिलं तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. याउलट ‘विचाराधीन’ या शब्दावर कॅन्टीनमध्ये जे विनोद होतात ते इथे छापण्यासारखे नाहीत.

आणि एक तरी गोष्ट कागद लागण्याआधीच झालेली असावी. स्वस्तातली चालेल. हातमोजे असेच कागदाच्या आधी आले.

१२. स्वतःबद्दल विचारायचं असेल तर एकच विचारा

हल्ली वरिष्ठांबद्दल चहूबाजूंनी मत घेण्याची पद्धत आहे. वरचे, खालचे, शेजारचे, सगळे भरतात. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात ज्याच्याबद्दल विचारायचं तोच भरणाऱ्यांची यादी देतो आणि यादीत त्याच्या चहाच्या टोळीतली माणसं असतात. यादी मी काढते, आणि प्रश्न एकच: ‘यांनी कुठली एक गोष्ट थांबवावी?’ गुण विचारत नाही, कारण गुणांचे रकाने सगळे सारखेच भरलेले येतात. आमच्या डिस्पॅचच्या साहेबांना वेगवेगळ्या माणसांकडून तेच आलं की रात्री साडेनऊनंतर गटावर निरोप टाकू नका. त्यांना राग आला, दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. निरोप मात्र आता सकाळी आठला येतात.

१३. उत्तरं पुसायची तारीख आधीच ठरवा

फॉर्मचं खातं कंपनीचं हवं, कुणाच्या खासगी जीमेलवर नको. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यात शंभर जणांची मनं पडून राहिलेली मी एका ठिकाणी पाहिली आहेत, आणि तो माणूस आता स्पर्धकाकडे कामाला. मुदत संपली की उत्तरं घेणं बंद करायचं, नाहीतर भिंतीवर विसरलेल्या क्यूआर कोडवरून वर्षभर काहीबाही येत राहतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्वही हेच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम झालं की ती ठेवायची नाही. आम्ही सारांश ठेवतो आणि मूळ उत्तरं कॅन्टीनचा कागद लागल्यापासून तीस दिवसांत पुसतो. शीट वेगळी पुसावी लागते, फॉर्ममधली उत्तरं वेगळी, कचरापेटी वेगळी.

पगारवाढीच्या दिवसांत वरून निरोप आलाच, मागच्या वर्षी मिलमधून काय काय लिहून आलं होतं ते जरा पाठवा, नावं लागली तर बघू. पाठवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, आणि ते तीस दिवसांत पुसलं जाईल ही ओळ फॉर्मवर होती. मंजुरीची सही त्यांचीच.